मस्तगडहून वेरूळ-अजिंठा

मुलांनो, मे महिन्याच्या सुटीत घरच्यांबरोबर जीपने मस्तगडहून वेरूळ-अजिंठा पाहायला जायचे आहे, असे समजा. तयारी कशी कराल? डबे भरण्याआधी कॅलेंडर आणि नकाशा समोर घ्या.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. रविवारी वेरूळ पाहून सोमवारी अजिंठ्याला गेलात, तर दारातूनच परतावे लागेल. म्हणून बुधवार आणि गुरुवार निवडा.

आता नकाशा पाहा. जालन्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर आहे. तेथून पुढे एकाच रस्त्याने दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ लागते. उन्हाळ्यात येथे दुपारी पारा ४० अंशांवर जातो. त्यामुळे पहाटे निघा आणि दौलताबादचा किल्ला सकाळीच चढा. दादींना चढ जमणार नसेल, तर त्या खाली चांद मिनार पाहत थांबतील. खुलताबादला मलिक अंबरची कबर आहे. दुपारी वेरूळच्या लेण्यांत सावली मिळेल.

रात्री संभाजीनगरला मुक्काम करा. तेथून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे. आपली गाडी फाट्यावर ठेवून पुढचे ४ किलोमीटर बसने जावे लागते. त्यासाठी जादा वेळ हाताशी ठेवा. परतताना सिल्लोड, भोकरदनवरून सरळ जालना गाठा. सिल्लोडच्या पुढे तोच रस्ता पुन्हा तुडवावा लागणार नाही.

घरातील सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत लहान माणसाला जो प्रवास झेपेल, त्याचीच आखणी चांगली समजावी.