‘प्रारंभिक’ दिली होतीत ना?

जुलैमधला शनिवार. चौघांनी बाइक्स काढल्या आणि कोल्हापूरहून थेट गगनबावडा गाठला. धुकं इतकं की समोरचा गगनगडसुद्धा गायब! टपरीवर चहा घेताना शेजारच्या शाळेतून टाळ्या ऐकू आल्या. बाई हातावर मात्रा मोजून घेत होत्या, पोरं तालात ओरडत होती. पेटी नाही, तबला नाही. ‘प्रारंभिकला आम्हालाही हेच होतं,’ मी म्हणाले, तर चौघांपैकी तिघांनी ती परीक्षा दिलेली निघाली!

तुम्हीही दिली असेल. प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण... आणि दहावी आली की क्लास बंद. ‘गांधर्व’चं ते सर्टिफिकेट घरात कुठल्या तरी फायलीत पडलेलं असतं. त्यामागचा माणूस मात्र याच जिल्ह्यातला. गगनबावडा पश्चिमेला, तर पार पूर्वेला कृष्णाकाठी कुरुंदवाड. विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली तिथे जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला पाठवलं.

तेव्हा गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि बुवांची मर्जी असेल तर एखादी चीज पदरात पडायची. साध्या घरातल्या, फारसा गळा नसलेल्या पोराला तिथे कोण उभं करणार? विष्णुबुवांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही एखाद्या संस्थानिकाच्या जिवावर नव्हे, तर लोकांच्या देणग्या आणि जलशांच्या पैशावर. गाण्याला वर्ग आले, इयत्ता आल्या, परीक्षा आल्या. स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. त्यातल्या एकाचं नाव ‘संगीत बालप्रकाश’! पहिल्या दिवशी वर्गात बसणाऱ्या पोराचा विचार कुणीतरी केला होता, हे मला फार मोठं वाटतं.

क्लासमधून गवई होत नाहीत, हा टोमणा जुनाच. मी म्हणते, नाही झाले तर बिघडलं कुठे? मैफलीत सम आली की आपली मान हलते, ती त्या टाळ्यांमुळेच. आणि गवई झालेच नाहीत असंही नाही. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, कोल्हापूरचे नारायणराव व्यास हे सगळे बुवांचेच शिष्य. ओंकारनाथ पुढे बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले.

बुवांना मात्र हे महागात पडलं. १९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आणलं, इमारत बांधली आणि ती कर्जापायी लिलावात गेली. १९३१ मध्ये ते मिरजेला वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं. आपली प्रारंभिक घेतं ते हेच मंडळ.

माझा एक आयटीवाला मित्र सध्या ऑफिस सुटल्यावर त्याच परीक्षेची तयारी करतोय. वय एकतीस. वर्गात बाकी सगळ्या आठ-नऊ वर्षांच्या मुली. त्याचा ‘ग’ घसरला की त्या खुदकन हसतात, एवढीच त्याची तक्रार आहे.