गोड शब्द आणि चाळीसगांवचा टांगा

२३ ऑक्टोबर १९२९ रोजीं धुळ्याहून परततांना डॉ. आंबेडकर चाळीसगांव स्टेशनावर सुमारें तासभर तिष्ठले. कारण कोणींच सांगितलें नाहीं. टांगेवाले टांगा देण्यास तयार होते, पण अस्पृश्यास बसवून हांकण्यास नव्हते. पाहुण्याचा मान राहावा म्हणून महारवाड्यांतील मंडळींनीं तें लपविलें व आपल्यापैकींच एका नवशिक्यास हांकण्यास बसविलें. मोरीच्या पुलावर अपघात होऊन डॉक्टरांचा पाय मोडला.

पुढें ‘हरिजन’ हें गोड नांव निघालें. १९३८ सालीं मुंबई विधिमंडळांत आंबेडकरांनीं त्याविरुद्ध सभात्याग केला. आमच्या घरांत मात्र तो शब्द मोठ्या सौजन्यानें उच्चारला जाई, आणि कामकऱ्याचा पेला अंगणांतल्या कोनाड्यांत वेगळाच राही.

१९८२ सालीं केंद्र सरकारनें तो शब्द कागदोपत्रीं वापरूं नये असें कळविलें. आम्हींही सोडला. पेला तेव्हां कोनाड्यांतच होता.