विश्लेषण : २० रुपयांच्या नाण्याला १२ कोपरे, तरी बाह्यकोनांची बेरीज ३६०च कशी?

बहुभुजाकृतीच्या कोनांचे सूत्र सातवी-आठवीच्या मुलांना पाठ असते. पण ‘बाजू वाढल्या की बाह्यकोनांची बेरीजही वाढेल ना?’ असे विचारले, की अनेक जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. उत्तर ‘नाही’ असे आहे. ते तपासायला खिशातले २० रुपयांचे नाणे पुरते.

नाण्याचा आकार कोणता?

दृष्टिबाधितांना सहज ओळखता यावीत अशा नाण्यांची मालिका मार्च २०१९ मध्ये सादर झाली. तिच्यातले २० रुपयांचे नाणे १२ बाजूंचे आहे. व्यास २७ मिलिमीटर, त्यामुळे एक बाजू साधारण ७ मिलिमीटर भरते. सगळ्या बाजू सारख्या, सगळे कोनही सारखे. अशा आकृतीला सुसम बहुभुजाकृती म्हणतात.

बाह्यकोन म्हणजे नेमके काय?

खरा घोळ इथे होतो. कोपऱ्याबाहेरची सगळी मोकळी जागा म्हणजे बाह्यकोन, असे समजून मुले ३६० मधून आंतरकोन वजा करतात. ते चूक आहे. नाणे कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. मग एक बाजू पट्टीने पुढे वाढवा. वाढवलेली रेघ आणि लगतची बाजू यांच्यामधला कोन, तो बाह्यकोन. आंतरकोन आणि बाह्यकोन एकाच सरळ रेषेवर शेजारी-शेजारी बसतात, म्हणून त्या दोघांची बेरीज १८० अंश.

मग ३६० कुठून आले?

एक मुंगी नाण्याच्या कडेने चालली आहे असे समजा. सरळ बाजूवर ती सरळ जाते, कोपरा आला की थोडी वळते. ती जितकी वळते तितकाच त्या कोपऱ्याचा बाह्यकोन. पूर्ण फेरी मारून ती मूळ जागी येते आणि तिचे तोंड पुन्हा पहिल्याच दिशेला असते. म्हणजे तिची एकूण एक गिरकी झाली, ३६० अंशांची. त्रिकोणावर हीच गिरकी तीन मोठ्या वळणांत संपते, नाण्यावर १२ छोट्या वळणांत. १२ वळणे सारखी, म्हणून प्रत्येक ३० अंशांचे आणि आंतरकोन १५० अंशांचा. (चांदणीसारख्या, कोपरे आत दबलेल्या आकृतीत मुंगी मध्येच उलट वळते, ते वळण वजा धरावे लागते.)

सूत्रातला ‘वजा दोन’ही आता उलगडतो. १२ कोपऱ्यांवर प्रत्येकी १८०, म्हणजे २१६०. त्यातून बाह्यकोनांचे ३६० गेले, की आंतरकोनांची बेरीज १८०० उरते. ३६० म्हणजे दोन वेळा १८०; म्हणून बाजूंच्या संख्येतून दोन वजा करून १८० ने गुणायचे. एका कोपऱ्यातून सगळे कर्ण काढले तर १० त्रिकोण होतात, तेही हेच सांगतात. मात्र मध्यबिंदूतून रेघा मारल्या तर त्रिकोण १२ होतात. तेव्हा मध्याभोवतीचे ३६० अंश वजा करायला विसरू नये.

नाणी जोडली तर?

तीन नाणी बाजूला बाजू भिडवून ठेवा. दोन नाण्यांचे कोन १५० आणि १५०, म्हणजे ३००. एका बिंदूभोवती ६० अंश उरतात. त्यामुळे मध्ये छोटासा समभुज त्रिकोण रिकामा राहतो. नाण्यांचे कोपरे जरा गुळगुळीत असले तरी तो दिसतो. जुन्या डब्यात २० पैशांची षटकोनी नाणी सापडली तर तीही जोडून पाहा. १२० चे तीन कोन मिळून बरोबर ३६० होतात, फट उरत नाही. पोळ्यातल्या मधमाश्यांची घरे अशीच बसतात. दोन रुपयांच्या जुन्या ११ बाजूंच्या नाण्याचा कोन मात्र अंशांच्या पूर्णांकात येत नाही, कारण ३६० ला ११ ने पूर्ण भाग जात नाही.

परीक्षेत उपयोग काय?

‘सुसम बहुभुजाकृतीचा आंतरकोन १६० अंश, तर बाजू किती?’ असा प्रश्न आला की थेट बाह्यकोनाकडे जावे. १८० वजा १६०, म्हणजे २०. आणि ३६० भागिले २०, म्हणजे १८ बाजू. मोठे समीकरण मांडायची गरजच नाही. हाच कोन १५५ दिला असता तर बाह्यकोन २५ येतो आणि ३६० ला २५ ने भागल्यावर १४.४ उरतात. तेवढ्या बाजूंची आकृती नसते, म्हणजे तशी सुसम बहुभुजाकृती काढताच येत नाही.