दर्याकडची वाट कोणाची?

मालवणच्या बाजूला गेलात, तर पुळणीवर रापण ओढताना दिसेल. होडीतून लांबच लांब जाळे पाण्यात अर्धगोल सोडतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात. मग दोन्हीकडे माणसे लागतात आणि जाळे ओढून घेतात. बाया टोपल्या घेऊन उभ्या असतात. मासे बाहेर आले की वाटे पडतात.

आता विचार करा. या धंद्याला काय काय लागते? होडी लागते, जाळे लागते, माणसे लागतात. हे सगळ्यांना दिसते. पण त्याच्या आधी जागा लागते. रापण ओढायला मोकळी पुळण हवी. होडी वर ओढून ठेवायला जागा हवी. जाळे पसरायला, बांगडे नि सुकट वाळवायला जागा हवी. आणि घरातून पुळणीवर जायला वाट हवी. बहुतेक ठिकाणी यांतली कोणतीच जागा रापणकरांच्या नावावर नसते. सातबारा काढला, तर त्यात त्यांचे नाव सापडत नाही. मग ही जागा कोणाची? तिच्यावर त्यांचा काही हक्क आहे की नाही?

समजा, असेच एक गाव आहे. गावातून पुळणीकडे एक पाणंद जाते. ती एका माडाच्या बागेतून जाते. आजे-पणजे त्याच वाटेने दर्यावर गेले. त्याच वाटेने देवाची पालखी समुद्रस्नानाला जाते. पुढे बाग विकली गेली. नव्या मालकाने चिऱ्यांचा गडगा घातला, फाटक बसवले आणि फाटकाला कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी पहाटे आक्का टोपली घेऊन आली आणि फाटकापाशी थांबली.

“वाट बंद केल्यान!” ती ओरडली. “दर्या काय कोणाच्या बापाचो आसा?”

आता दर्यावर जायचे, तर मैलभर वळसा पडणार. मासळी बाजारात पोचायला उशीर होणार. उशीर झाला की भाव पडतो.

तरणी पोरे म्हणाली, “चला, गडगा पाडू या.”

तात्या म्हणाले, “थांबा. गडगा पाडाल, तर गुन्हा तुमच्यावर येईल. आधी गुरुजींना विचारू.”

रात्री सगळी मंडळी शाळेत जमली. गुरुजींनी जे सांगितले, ते आपणही समजून घेऊ.

भरतीची रेषा

गुरुजी म्हणाले, “दर्याचे पाणी रोज सारखे चढत नाही. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी कमी चढते. अमावास्या-पुनवेला उधाण येते, तेव्हा पाणी खूप वर येते. उधाणाचे पाणी जमिनीवर जिथवर पोचते, ती भरतीची रेषा. तिच्या खालची जमीन साधारणपणे कोणा एकाची नसते.”

महाराष्ट्राचा जमीन महसुलाचा कायदा १९६६ सालचा आहे. त्याचे कलम २० असे सांगते की, भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ सरकारच्या मालकीचा आहे. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटाही सरकारच्याच आहेत. कोणी आपला निराळा हक्क शाबीत केला असेल, तर गोष्ट वेगळी.

“म्हणजे दर्या सरकारचा?” आक्काने विचारले.

“सरकारच्या नावावर आहे, पण सरकारने तो आपल्या सगळ्यांसाठी सांभाळायचा आहे,” गुरुजी म्हणाले. “देवळाचे पंच देवाचे दागिने सांभाळतात. म्हणून ते दागिने पंचांचे होतात का? तसेच हे.” १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील एका नदीकाठच्या खटल्यात हाच विचार मांडला. समुद्र, वाहते पाणी, वने ही सगळ्यांच्या उपयोगाची आहेत. सरकार त्यांचे विश्वस्त आहे, असे न्यायालयाने म्हटले.

वहिवाट म्हणजे काय?

“पुळण सगळ्यांची, हे समजले,” तात्या म्हणाले. “पण बाग तर त्याची आहे. पैसे मोजून घेतली आहे.”

हा प्रश्न रास्त आहे. बाग त्याचीच आहे. पण जमीन विकत घेणारा जमिनीबरोबर तिच्यावरचे जुने हक्कही पत्करतो. आपण घर घेतले आणि शेजाऱ्याचे पाणी आपल्या अंगणातून पूर्वीपासून वाहत असले, तर घर घेतल्याने ते पाणी थांबत नाही. वाटेचेही तसेच आहे.

वहिवाटीच्या हक्कांचा कायदा १८८२ सालचा आहे. त्यात दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट एका घराच्या किंवा शेताच्या हक्काची. एखादा माणूस आपल्या घराकडे किंवा शेताकडे जाण्यासाठी दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वापरतो. तो ती उघडपणे, तंटा न करता, खंड न पडता आणि आपला हक्क समजून वापरतो. अशी वीस वर्षे झाली की वाटेचा हक्क पक्का होतो. जमीन सरकारची असेल, तर तीस वर्षे लागतात. मात्र अडवणूक झाल्यावर दोन वर्षांच्या आत कोर्टात जावे लागते. हातावर हात ठेवून बसले, तर हक्क हातचा जातो.

दुसरी गोष्ट साऱ्या गावाच्या रूढीची. गावाने पूर्वापार एखाद्या जागेचा उपयोग केला असेल, तर ती रूढी होते. होड्या ओढून ठेवणे, जाळी वाळवणे, पालखी नेणे, ही अशी कामे आहेत. असे गावाचे रूढ हक्क १८८२ च्या कायद्याने मोडलेले नाहीत. पण ती रूढी जुनी असली पाहिजे. ती वाजवी आणि निश्चित असली पाहिजे. आणि ती मध्येच सुटलेली नसावी.

परवानगी वेगळी, हक्क वेगळा

इथे एक मेख आहे, नीट लक्ष द्या. मालकाने सांगितले, “या हो, खुशाल जा माझ्या बागेतून,” आणि आपण त्या परवानगीने गेलो, तर तो हक्क होत नाही. ती परवानगी असते. परवानगी देणारा ती परतही घेऊ शकतो. म्हणून मालकाने पुढे केलेल्या कागदावर न वाचता अंगठा उठवू नका, सही करू नका. “मी मालकाच्या परवानगीने ही वाट वापरतो,” असे त्यात लिहिलेले असेल, तर बापजाद्यांची वहिवाट एका सहीने पातळ होते. आपण वाचायला शिकलो, ते याच्यासाठी.

कागद कोठे पाहावेत?

गुरुजी म्हणाले, “नुसते ‘आमची जुनी वाट’ म्हणून चालत नाही. पुरावा लागतो.” पुरावा असा गोळा करावा.

तलाठ्याकडे किंवा भूमि अभिलेख कार्यालयात गावनकाशा पाहा. पायवाटा तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. नकाशाची नक्कल घ्या.

गावच्या रूढींची नोंद आहे का, ते विचारा. १९६६ च्या कायद्याचे कलम १६५ ज्या भागात लागू आहे, तिथे खाजगी जमिनीतील वाटेच्या आणि मासेमारीच्या रूढी कलेक्टरने नोंदवायच्या असतात. या नोंदीला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. हे कलम आपल्या गावाला लागू असेल आणि अशी नोंद नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून ती मागा.

गावातल्या वृद्धांचे जबाब लिहून घ्या. जुने फोटो, यात्रेच्या वह्या, मच्छिमार सोसायटीची दप्तरे जपून ठेवा.

सरकारी कचेरीतला कागद मिळत नसेल, तर २००५ च्या माहितीच्या अधिकाराने अर्ज करा. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

किनाऱ्याचे नियम

किनाऱ्यावरील बांधकामासाठी केंद्र सरकारने १९९१ साली नियम केले. ते २०११ साली आणि पुन्हा २०१९ साली बदलले. १९९१ आणि २०११ च्या नियमांत एक अट स्पष्ट होती. किनाऱ्यावरील दोन हॉटेलांच्या मध्ये लोकांना पुळणीवर जाण्यासाठी निदान वीस मीटर रुंद जागा मोकळी सोडायची. खाजगी जागेला कुंपण घातले, तरी त्याने लोकांची पुळणीवर जाण्याची वाट अडता कामा नये.

२०११ च्या नियमांनी आणखी एक गोष्ट सांगितली. किनाऱ्याचे जे नकाशे सरकार करील, त्यांत कोळीवाडे, मच्छिमारांच्या सामाईक जागा आणि मासळी वाळवण्याच्या जागा दाखवायच्या. असे नकाशे पक्के करण्याआधी लोकांच्या हरकती मागवतात, सुनावणी घेतात. त्या दिवशी गाव घरी बसले, तर आपली वाळवणाची जागा नकाशात कोरीच राहील. आणि जी नकाशात कोरी, ती उद्या कोणीही मागेल.

सहा महिने विसरू नका

“मग आता आम्ही करायचे काय?” पोरांनी विचारले.

गुरुजी म्हणाले, “१९०६ सालचा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे. शेती, चराई, झाडे किंवा मासेमारी यांच्या जागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर तहसीलदाराकडे दावा लावता येतो. तहसीलदार जागेवर येऊन पाहतो, दोन्ही बाजूंचे ऐकतो आणि मनाईहुकूम देऊ शकतो. पण अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत हा दावा लावायला हवा.”

सहा महिने टळले, तर दिवाणी कोर्टाचा रस्ता उरतो. तो लांबचा आणि खर्चाचा असतो. म्हणून कुलूप लागले, त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा.

वकिलाला द्यायला पैसे नसतील, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा कचेरीत जा. १९८७ च्या कायद्याने बायकांना तिथे फुकट वकील मिळतो. त्यासाठी त्यांची मिळकत विचारत नाहीत.

हे ऐकून आक्का म्हणाली, “तर मग अर्ज माझ्याच नावान लिवा. सही मी करतंय.” तिने सावकाश, एकेक अक्षर जुळवीत सही केली.

आपलीही जबाबदारी

हक्काला मर्यादा असते. पायी चालायची वाट असेल, तर तिच्यावरून वाळूचा ट्रक नेता येत नाही. वाट मिळाली म्हणून मालकाचे नारळ आपले होत नाहीत. पुळण सगळ्यांची, म्हणून तिच्यावर आपणच पक्के घर बांधू नये. गावाच्या सामाईक जागा गिळणारा बाहेरचाच असतो असे नाही. कधी तो आपल्याच वाडीतला असतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका गावच्या तळ्याच्या खटल्यात सांगितले की, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे राज्यांनी हटवावीत. हा न्याय सर्वांना सारखा आहे.

ध्यानात ठेवा

भरतीच्या रेषेखालची जमीन साधारणपणे सरकारची, आणि सरकार तिचे विश्वस्त.
जमीन विकली गेली, तरी तिच्यावरची खरी वहिवाट विकली जात नाही.
परवानगी म्हणजे हक्क नव्हे. वाचल्यावाचून सही करू नका.
वाट अडली, तर तारीख लिहा आणि सहा महिन्यांत तहसीलदाराकडे जा.
गडगा हाताने पाडू नका. कागदाने हटवा.

वाट चालत राहिली, तरच ती वाट राहते. चार वर्षे कोणी गेले नाही, तर तिच्यावर घाणेरी माजते. हक्काचेही तसेच आहे, मंडळी. तो वापरावा, लिहून ठेवावा आणि मुलांना दाखवून द्यावा.

विचार करा आणि लिहा

१. तुमच्या गावात सगळ्यांनी मिळून वापरायच्या जागा कोणत्या?
२. त्यांपैकी कोणत्या गावनकाशात आहेत? पाहून या आणि वहीत लिहा.
३. गावातील सर्वांत वृद्ध माणसाला एखाद्या जुन्या वाटेबद्दल विचारा. ते काय सांगतात, ते पाच ओळींत लिहा.