दोन कर्जत, एकच आकडा

कर्जत म्हटलं की मुंबईकराला भोर घाटाखालचं रेल्वे स्टेशन आठवतं. राशीन-मिरजगाव-सिद्धटेकचं आपलं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्यात, तिथून सरळ रेषेत सुमारे १८० किलोमीटरवर. आपल्या कर्जतचा अक्षांश दशांशात साधारण १८.५५ उत्तर, तर रायगडच्या कर्जतचा १८ अंश ५५ मिनिटं. अंक तेच, पण अंशाची मिनिटं साठ असतात, म्हणून १८.५५ म्हणजे १८ अंश ३३ मिनिटं. फरक बावीस मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आकडा कोणत्या पद्धतीने लिहिलाय हे विचारायचं राहिलं, तर एकही अंक न चुकता माणूस चाळीस किलोमीटर उत्तरेला जातो.

विमानाच्या संगणकात अंश आणि मिनिटं सलग टाइप करतात, मध्ये कसलीही खूण नसते. १० मार्च २०१५ रोजी सिडनीत एअरएशिया एक्सच्या ए३३० विमानाच्या कॅप्टनला १५१०९.८ टाइप करायचं होतं, म्हणजे १५१ अंश ९.८ मिनिटं पूर्व. हातून ०१५१९.८ गेलं. विमान सिडनीत उभं आणि यंत्राच्या लेखी ते ११,००० किलोमीटर दूर, केपटाउनच्या बाजूला. चूक पकडायच्या संधी अनेक होत्या, असं ऑस्ट्रेलियाच्या तपास यंत्रणेला आढळलं. ती लक्षात आली उड्डाणानंतर. विमान मेलबर्नला सुखरूप उतरलं.

अशा वेळी टाइप करणाऱ्याला बोल लावून मोकळं होणं मला पटत नाही. ३ सप्टेंबर १९८९ चं ब्राझीलमधलं वारिगचं विमान पाहा. मारबाहून बेलेमला जायचं, म्हणजे जवळपास उत्तरेला. उड्डाण आराखड्यात दिशा छापली होती ०२७०. नव्या पद्धतीत शेवटचा अंक दशांशाचा, म्हणजे २७.० अंश. कॅप्टनने २७० वाचलं आणि विमान पश्चिमेला, अ‍ॅमेझॉनच्या जंगलाकडे निघालं. सहवैमानिकाने बाहेरची पाहणी करून आल्यावर आपल्या यंत्रावर दिशा लावली ती कॅप्टनच्या यंत्राकडे बघून. आराखड्याचा कागद त्याने पाहिला नाही. दोन यंत्रं जुळली आणि तपासणी झाल्यासारखी वाटली. इंधन संपून विमान रात्री जंगलात उतरवावं लागलं. ५४ पैकी १२ जण गेले.

नावांचंही तसंच. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात कालीकडे उतरणाऱ्या अमेरिकन एअरलाइन्सच्या विमानात रोझो या रेडिओ बीकनसाठी नकाशावरचं ‘आर’ अक्षर टाइप झालं. संगणकाने त्याच अक्षराचं बोगोटाजवळचं रोमिओ बीकन निवडलं. विमान डोंगरावर आदळून १५९ जण मृत्युमुखी पडले.

आपल्या मातीवरचा अपघात मात्र संगणकाच्या आधीचा. १९६२ च्या जुलैची ६ आणि ७ मधली मध्यरात्र, ऐन पावसाळा. सिडनीहून निघालेलं, रोमला जाणारं अलितालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. मुंबई अजून ८४ किलोमीटर होती, पण वैमानिकाच्या हिशेबात ती बरीच जवळ आली होती. म्हणून त्याने विमान लवकर खाली आणलं. वाटेत सह्याद्री. जुन्नर तालुक्यातल्या दावंड्याच्या डोंगरावर, साधारण ३,६०० फूट उंचीवर, ते आदळलं. ९४ जणांपैकी कोणी वाचलं नाही.

इथे कोणी चुकीचं बटण दाबलं नव्हतं. तरी मला या चारही घटना एकाच जातीच्या वाटतात. आपण कुठे आहोत याचा मनातला आकडा खरा धरला गेला आणि तो दुसऱ्या, स्वतंत्र खुणेशी ताडून पाहिला गेला नाही. तोच आकडा दोघांनी वाचला, तर ती तपासणी नव्हे. दुसऱ्याने मूळ कागदाकडे जावं आणि दोघांनी मिळून तो आकडा जमिनीशी जुळवावा. कितीही घाई असली तरी ही पायरी गाळू नये.

जुन्नरच्या चौकशीने कारणांत तीन गोष्टींची भर घातली: वैमानिकाला त्या मार्गावरच्या भूभागाची ओळख नव्हती, ठरलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, आणि स्थान पडताळण्याच्या ज्या सोयी उपलब्ध होत्या त्या वापरल्या गेल्या नाहीत.