मत्स्याहार, गोड्या पाण्यातील

नद्या, तलाव व जलाशय यांतील माशांचा आहारात केला जाणारा उपयोग. पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यासारख्या सह्याद्रीच्या पूर्वेकडील भागात मरळ, वाम, शिवडा हे स्थानिक, तर रोहू, कटला हे मूळचे उत्तरेकडील व जलाशयांत सोडलेले मासे खाण्यात येतात. रोहूत प्रथिने सु. १७ टक्के असून वसा अत्यल्प असते. आयोडीन मात्र सागरी माशांपेक्षा कमी. मरळ हवेतूनही श्वसन करीत असल्याने पाण्याबाहेर बराच वेळ जगतो, म्हणून तो जिवंत विकता येतो. त्याच्या मांसात बारीक काटे कमी असल्याने मुलांना व आजाऱ्यांना तोच देणे सोयीचे. इतर मासे घेताना डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल आणि मांस दाबताच पूर्ववत होणारे असावे. यांत कल्ल्यांची खूण अधिक भरवशाची. लहान मासे काट्यांसकट खाल्ल्यास कॅल्शियम मिळते. तळलेल्या तुकड्यांपेक्षा बेताच्या तेलातील कालवण हितकर. चिंच वा आमसूल लावल्याने मांस घट्ट होते, तथापि परजीवी कृमींच्या अळ्या आंबटपणाने मरत नाहीत. त्यामुळे मासा मधल्या काट्यापर्यंत शिजणे आवश्यक असते. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे वळगणीचे मासे गाबोळीमुळे विशेष चविष्ट मानतात. परंतु ते विणीपूर्वीच मोठ्या प्रमाणात पकडले गेल्यास पुढील हंगामातील पैदास घटते.