ग्राहक एक, नोंदी तीन! सगळा डेटा एका जागी कसा आणाल?



दिवाळी फराळाचा एखादा घरगुती व्यवसाय डोळ्यांसमोर आणा. काउंटरवर बिलिंग सॉफ्टवेअर, वेबसाइटच्या ऑर्डर वेगळ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑर्डर घरातलं कुणीतरी एक्सेलमध्ये लिहितंय. एकच बाई तिथे तीन नावांनी बसल्यात: ‘देशपांडे काकू’, ‘सौ. एस. देशपांडे’ आणि ‘देशपांडे कोथरूड’. काकूंनी दिलेला ५०० रुपये अ‍ॅडव्हान्स एक्सेलमध्ये आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये १,२०० रुपये पूर्ण बाकी दिसतात. मुलगा फोन करून १,२०० मागतो. काकू वाद घालणार नाहीत कदाचित, पण पुढच्या वर्षी चकली दुसरीकडून घेतील.

म्हणून तीन याद्या एकाखाली एक पेस्ट केल्या की काम झालं, असं समजू नका. आधी ग्राहक एक करायचा, ऑर्डर नंतर.

ग्राहक ओळखायचा कशावरून? नावावरून तर नाहीच. मोबाइल नंबर बरा, पण तोही कुठे ‘+९१’ लावून, कुठे पुढे शून्य, कुठे मधे स्पेस देऊन लिहिलेला असतो. आधी फाइंड-रिप्लेसने स्पेस आणि डॅश काढा, मग ‘राइट’ फॉर्म्युल्याने शेवटचे १० अंक वेगळ्या कॉलममध्ये घ्या. मूळ कॉलमला हात लावू नका. आणि हो, परदेशातले नंबर त्याआधीच बाजूला काढा. अमेरिकेचा नंबरही कोड सोडून १० अंकीच असतो, तो भारतातल्या नंबरांत मिसळला तर शोधत बसाल.

इथे फराळवाल्यांची खरी गंमत आहे. मुलगा अमेरिकेतून ऑर्डर देतो, डबा जातो सांगलीला आईवडिलांकडे. ग्राहक कोण? पैसे देणारा. सांगलीचा पत्ता हा त्या ऑर्डरचा डिलिव्हरी पत्ता, म्हणून तो ऑर्डरच्या शीटमध्ये. उलट, नवराबायको एकाच नंबरवरून ऑर्डर देत असतील तर त्यांना एक खातं ठेवलं तरी चालतं, उधारी शेवटी एकाच घरातून येते. दुकानदारांना माल देत असाल तर जीएसटी नंबर बघा. त्यातला तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतचा भाग म्हणजे पॅन, त्यामुळे दोन राज्यांतल्या शाखा एकाच मालकाच्या आहेत का ते लगेच कळतं.

प्रत्येक ग्राहकाला तुमचा स्वतःचा एक नंबर द्या आणि तो प्रत्येक ऑर्डरसमोर टाका.

आता ऑर्डर. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ऑर्डर पुढे बिल करताना सॉफ्टवेअरमध्येही टाकली जाते. दोन्ही घेतल्या की विक्री फुगते, आणि तुम्ही त्या फुगलेल्या आकड्यावर पुढच्या सीझनचं बेसन-तूप भरता! तोच ग्राहक, तीच रक्कम आणि दोन-तीन दिवसांचा फरक, अशा जोड्या वेगळ्या काढून डोळ्यांनी तपासा. फॉर्म्युल्यावर सोडू नका, कारण एखाद्याने खरंच दोनदा मागवलेलं असू शकतं.

जुने बिल नंबर बदलायचे नाहीत. जीएसटी बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा आणि त्या आर्थिक वर्षात एकदाच वापरलेला असावा लागतो. तो आहे तसा ठेवा आणि शेजारी ‘दुकान-१०१’, ‘वेब-१०१’ असा आपला कोड टाका.

सुरू करण्याआधी तिन्ही याद्यांची ऑर्डरची संख्या, एकूण रक्कम आणि एकूण येणं कागदावर लिहून ठेवा. शेवटी ग्राहक कमी झालेले दिसतील, ते बरोबरच आहे. पण ऑर्डर आणि रक्कम जेवढी कमी झाली, तेवढ्याच दुबार नोंदी तुमच्या बाजूला काढलेल्या यादीत सापडल्या पाहिजेत. येणं मात्र एकेका ग्राहकाचं जुळवा, नुसती बेरीज नको. शंका असेल तिथे फोन करा, पण पैसे मागायला नाही: “काकू, आमच्याकडे हिशोब जुळवतोय, तुमचा अ‍ॅडव्हान्स किती होता?”

हे काम दिवाळीच्या तोंडावर काढू नका. दिवाळी उरकल्यावर, मार्गशीर्षात हात मोकळे असतात तेव्हा बसा. जुन्या तिन्ही फाइल्स पेनड्राइव्हवर कॉपी करा, आणि ज्या दिवशी नवीन शीट सुरू होईल त्या दिवसापासून व्हॉट्सअ‍ॅपची ऑर्डरसुद्धा फक्त तिथेच.